अंडी घालायला आलेली माकूल सोडून द्यावी

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली आणि पावसाचे गढूळ पाणी निवळले की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जेट्यांवर आणि खडपांवर दिवेलागणीच्या सुमारास रॉड घेऊन उभी राहिलेली तरुण मंडळी आता दरवर्षी वाढत्या संख्येने दिसू लागली आहेत. त्यांतील बरेच जण माकूल, म्हणजे स्क्विड, गरवायला आलेले असतात. मी स्वतः लहानपणी आजोबांबरोबर बोटाला तंगूस गुंडाळून गरवायला शिकलो, पुढे शाळेतली नोकरी सांभाळून हा छंद जपला आणि निवृत्तीनंतर तर महिन्यातल्या आठ-दहा संध्याकाळी खडपातच जातात, त्यामुळे या मुलांना पाहून मला मनापासून आनंद होतो. तथापि, छंद वाढतो आहे त्या मानाने त्याची रीत मात्र रुजलेली नाही. समुद्रातील मासेमारीच्या वादांवर आपल्या वृत्तपत्रात सातत्याने लिहिले जाते, पण किनाऱ्यावरून हौसेने गरवणाऱ्यांनी कसे वागावे याविषयी कोणी काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी या पद्धतीविषयी थोडे सांगायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला माकूल गरवणे आणि मासा गरवणे यांत काही फरक वाटत नाही. माकुलीसाठी गरीला कोळंबी किंवा तारल्याचा तुकडा लावण्याऐवजी आता बहुतेक जण ‘एगी’ वापरतात. कोळंबीच्या आकाराचे, कापड चढवलेले आणि पोटाखाली शिसे बसवलेले हे आमिष मूळचे दक्षिण जपानच्या कागोशिमा परिसरातले. तिथले कोळी ते पूर्वी लाकूड कोरून बनवीत आणि एगी या शब्दाचा अर्थही ‘आमिषाचे लाकूड’ असाच आहे. त्यावर लिहिलेले अडीच, तीन, साडेतीन हे आकडे ‘सुन’ या जुन्या जपानी मापाचे असतात. एक सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, तेव्हा साडेतीनची एगी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि तिचे वजन साधारण वीस ग्रॅम असते. शेपटीकडे नेहमीच्या गरीऐवजी वर वळलेल्या टाचण्यांची दोन कडी असतात आणि त्या टाचण्यांना उलटे टोक, म्हणजे मासा निसटू नये म्हणून गरीला असतो तो काटा, मुळीच नसतो. या एका गोष्टीमुळे हा खेळ मला न्याय्य वाटतो. दोरीचा ताण क्षणभर जरी सैल पडला तरी माकूल सुटून जाऊ शकते आणि सुटलेल्या माकुलीच्या अंगात काही अडकून राहत नाही.

टाकण्याची रीतही सावकाशीची आहे. एगी दूर फेकून ती तळाकडे जाऊ द्यायची आणि मनात आकडे मोजायचे. साडेतीनची साधी एगी एक मीटर खाली जायला सुमारे तीन ते साडेतीन सेकंद घेते, म्हणजे वीस आकडे मोजून झाले तर ती सहा मीटरवर पोहोचली असे समजावे. खडपाचा तळ किती खोल आहे हे एकदा कळले की तळाला टेकण्याआधीच दोन मोकळे हिसके देऊन ती वर उचलायची आणि दोरी जेमतेम ताणलेली ठेवून पुन्हा पडू द्यायची. माकूल झडप घालते ती बहुतेक वेळा या पडण्यात. माशासारखा झटका तेव्हा जाणवत नाही, कोणीतरी ओले फडके दोरीवर टाकावे तसा नुसता जडपणा येतो, किंवा पडत असलेली दोरी मधेच थांबते. नव्या मुलांचे इथेच चुकते. जडपणा जाणवताच ती मोठ्या माशाला मारावा तसा जोराचा हिसका मारतात आणि माकुलीची सोंड तुटून एगीवर येते. दोन लांब सोंडांनी आमिष पकडायचे आणि मग आठ हातांत ओढून घ्यायचे अशी तिची पद्धत असल्याने पहिल्या क्षणी ती केवळ सोंडेच्या टोकाने धरलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी रॉड फक्त हळुवार उचलावा, रीलची पकड सैल ठेवावी, ती पाणी फेकत मागे झेप घेईल तेव्हा दोरी जाऊ द्यावी आणि थांबेल तेव्हा सावकाश गोळा करावी.

एगीच्या रंगावरून आमच्यात फार वाद होतात. गुलाबी चालते की नारिंगी, यावर जेटीवर तासन्तास बोलणे चालते आणि दुकानदारही एकाच मापाच्या दहा रंगांच्या एगी मुलांच्या गळ्यात मारतात. वस्तुस्थिती अशी आहे की बहुतेक माकुलींच्या डोळ्यांत रंग वेगळे ओळखण्याची सोयच नसते. त्यांना उजेड-सावलीतला फरक अतिशय बारकाईने कळतो आणि आपल्याला न दिसणारी प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशाही त्या ओळखतात. त्यामुळे एक फिकी आणि एक गडद अशा दोन एगी पुरे होतात. उरलेल्या पैशांची लांब दांड्याची जाळी घ्यावी, असे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

वेळेच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांचा हिशेब अजूनही मोबाइलमधल्या तक्त्याइतकाच उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. माकुलीसाठी मला अष्टमी-नवमीची संध्याकाळ सर्वांत आवडते. भांगाचे पाणी असल्याने ओढ कमी असते, भरती नेमकी दिवेलागणीला पुरी होते आणि त्या वळत्या पाण्यात माकूल खडपाच्या कडेला येते. उधाणाच्या ओढीत एगी तळाला टिकत नाही. खाडीच्या मुखाशी पावसाचे गोडे पाणी उतरत असेल तोवर तर प्रयत्नच करू नये, कारण माकुलीला गोडे पाणी सोसत नाही. नारळी पौर्णिमेनंतर लगेच रॉड काढून बसणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा काही लागत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माकूल ही मासा नव्हे, शंख-शिंपल्यांच्या कुळातला तो जीव आहे. तिला तीन हृदये असतात आणि तिचे रक्त तांब्यामुळे निळसर असते, हे शाळेत असताना मी मुलांना सांगत असे तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे. गरवणाऱ्याने मात्र तिच्याविषयी याहून महत्त्वाची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: आपल्या किनाऱ्याला येणाऱ्या माकुलींचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असते. तेवढ्यात ती अंड्यातून बाहेर पडते, झपाट्याने वाढते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. घोळ किंवा मोडोसा या माशांसारखी अनेक वर्षे जगून पुनःपुन्हा अंडी घालण्याची संधी तिला मिळत नाही. त्यामुळे या वर्षी ज्यांनी अंडी घातली त्यांचीच पिल्ले पुढच्या वर्षी जेटीवर येणार. मागची शिल्लक म्हणून समुद्रात काही उरत नाही.

आपण खडपावरून जी मोठ्या परांची माकूल गरवतो, ती अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात खडकांपाशी येते. अंगाच्या दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत पसरलेला रुंद पर, ही तिची ओळख. खडकाच्या कपारीला, प्रवाळाला, समुद्रगवताला किंवा तळाशी अडकलेल्या एखाद्या फांदीला ती पांढऱ्या शेंगांचे घोस बांधून ठेवते. भुईमुगाची ओली, सोललेली शेंग पाण्यात लोंबावी तशी ती दिसते आणि एकेका शेंगेत थोडीच, बहुधा दहाच्या आत, अंडी असतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात सुमारे तीन आठवड्यांत त्यांतून नखाएवढी पण सर्व अवयवांनी पूर्ण अशी माकूल बाहेर येते. अंडी घालताना मादीच्या बाजूने नर राखण करीत फिरत असतो. म्हणजेच ज्या दिवसांत ती आपल्या हाताशी सर्वांत सोपी येते, नेमक्या त्याच दिवसांत तिला मारल्याने सर्वांत मोठे नुकसान होते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, आमच्या गावच्या खडपाखाली कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात मला दोन माकुली स्पष्ट दिसल्या. एक खडकाला लागून खाली-वर होत होती, दुसरी हातभर अंतरावर तिच्याभोवती फिरत होती. मी एगी अगदी जवळ नेऊन सोडली आणि खडकाजवळची माकूल मला लागली. वर घेतली तेव्हा तिचे अंग आधी तांबूस-तपकिरी झाले, मग त्यावर ठिपक्यांच्या लाटा मानेपासून शेपटीपर्यंत धावत गेल्या, तिने एक पिचकारी पाण्याची आणि एक शाईची मारली आणि खडकावर ठेवताच ती फिकी पडत गेली. किलोभराची असावी. मी समाधानाने पिशवी उघडत होतो तेव्हा शेजारी पाग सावरीत उभे असलेले आमच्या वाडीतले एक वृद्ध तांडेल म्हणाले, “मास्तरांनू, ही अंडी घालूक इल्ली हुती. तो बघा, नर अजून थंयसरच फिरताहा. एकाक मारलात, आता दुसऱ्याक तरी रवांदेत.” मी खाली पाहिले. तो नर त्याच खडकाभोवती, त्याच अंतरावरून फिरत होता. घरी साफ करताना माकुलीच्या पोटातून पांढऱ्या अंड्यांचा गोळा निघाला. तो मी हातात धरून बराच वेळ उभा होतो. दुसऱ्या दिवशी सुकतीला त्या कपारीत उतरून पाहिले तेव्हा तिथे जेमतेम सात-आठ शेंगा लटकलेल्या होत्या, म्हणजे तिचे काम नुकतेच सुरू झाले होते. ती माकूल मी मारायला नको होती. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आणि आज तो सर्वांसमोर मांडण्याचे धाडस करीत आहे: जोडीने फिरणाऱ्या किंवा खडकाशी खाली-वर करणाऱ्या माकुलीवर एगी टाकायची नाही, आणि अंडी घालण्याच्या दिवसांत मादी लागली तर ती सोडायची.

मादी ओळखायची कशी, असा प्रश्न येईल. मोठ्या परांच्या या माकुलीत ते फारसे अवघड नाही. नराच्या पाठीवर आडव्या पांढऱ्या रेघा तुटक-तुटक उमटलेल्या असतात, तर मादीच्या पाठीवर गोल पांढरे ठिपके असतात. जाळीत घेतल्यावर दोन सेकंदांत हे दिसते. जाळीचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. अनेक जण टोकदार आकडा माकुलीच्या अंगात खुपसून तिला वर ओढतात. तो एकदा खुपसला की सोडण्याचा प्रश्नच संपतो, कारण अंगाची ती पिशवी फाटली तर माकूल ना श्वास घेऊ शकते ना पोहू शकते. जाळी पाण्यात शेपटीच्या बाजूने धरावी. माकूल घाबरली की मागे झेप घेते, म्हणजे आपण होऊन जाळीत येते. वर घेण्याआधी तिला पाण्यातच शाई टाकू द्यावी. सोडायची असेल तर हाताने दाबून धरू नये. एगी चिमट्याने पकडून पाण्यालगत उलटी केली की टाचण्यांना काटा नसल्याने माकूल स्वतःच्या वजनाने सुटते. हातांना किंवा सोंडांना लागलेली माकूल अशी सोडल्यास जगण्याची आशा बरीच असते, अंगाच्या पिशवीला खोल जखम झालेली मात्र बहुधा जगत नाही. तशी माकूल घरी न्यावी आणि त्या दिवसाच्या हिशेबात धरावी.

घरी न्यायची ती माकूलही तडफडत ठेवू नये, ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. बादलीत किंवा तापलेल्या दगडावर टाकलेली माकूल बराच वेळ रंग बदलत राहते आणि मुले ते मोबाइलवर चित्रित करीत बसतात. दोन डोळ्यांच्या मधे किंचित मागे टोकदार सळई टोचली की ती तत्काळ मरते. सळई अंगाच्या दिशेने एका बाजूला वळवली की तेवढी अर्धी बाजू पांढरी पडते, दुसरीकडे वळवली की उरलेली अर्धी. रंग गेला म्हणजे काम झाले. याने मांसही चांगले राहते. ज्या जिवाने आपल्याला संध्याकाळभर आनंद दिला त्याच्यासाठी हे दोन सेकंद आपण काढायलाच हवेत.

उजेडाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. माकूल दिव्याकडे येते हे सर्वांनाच माहीत आहे. जेटीवरच्या खांबाचा दिवा पाण्यावर पडतो, त्यात बारीक मासे जमतात आणि उजेड जिथे संपतो त्या सावलीच्या कडेला माकूल दबा धरून थांबते. उजेडाच्या मध्यात एगी न टाकता त्या कडेवर टाकण्यात गरवणाऱ्याचे कसब आहे. मात्र एलईडीच्या प्रखर दिव्यांनी मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा करून दंड वाढवले, त्यासाठी आपल्या पारंपरिक मच्छीमारांनी किती वर्षे आंदोलने केली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. असे असताना, गेल्या हिवाळ्यात आमच्या जेटीवर बाहेरगावाहून आलेल्या सहा-सात जणांच्या एका गटाने गाडीतून जनरेटर उतरवला, दोन मोठे एलईडी दिवे थेट पाण्यावर रोखले आणि उजेडात वर आलेल्या माकुलींवर तीन-चार गऱ्यांचे झुपके टाकून खालून हिसके मारायला सुरुवात केली. माकुलीने आमिष धरण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. कोणाच्या पोटाला, कोणाच्या डोळ्याला गरी लागत होती आणि निम्म्या फाटून तळाला जात होत्या. रात्री अकरापर्यंत त्यांनी दोन मोठ्या पेट्या भरल्या, त्यांत बोटाएवढी पिल्लेही होती. मी आणि एक स्थानिक मच्छीमार त्यांच्याशी बोलायला गेलो तर “बंदी बोटींना आहे, आम्ही जेटीवर आहोत” असे उत्तर मिळाले. त्यांच्या उत्तरातला शब्दच्छल बाजूला ठेवू. ज्या दिव्यांविरुद्ध कोळीबांधव आपली रोजीरोटी वाचवायला उभे राहिले तेच दिवे त्यांच्याच जेटीवर आणून हौसेखातर लावणे, हे मला अत्यंत अनुचित वाटते. गरवणाऱ्याने स्वतःचा दिवा फक्त गाठ बांधण्यापुरता आणि पाय ठेवायची जागा पाहण्यापुरता लावावा, तोही पाण्याकडे पाठ करून.

जेटी आपली नाही, हे तर विसरूच नये. ती मच्छीमारांची कामाची जागा आहे. जाळी सुकत घातलेली असतील तिथून एगी फेकू नये, कारण टाचण्यांची दोन कडी जाळ्यात अडकली की जाळ्याचा एक आस, म्हणजे डोळा, कापल्याशिवाय निघत नाहीत आणि ते शिवत बसणारी बाई दिवसभराची मजुरी त्यात घालवते. होडी आत येताना दिसली की सर्वांनी दोऱ्या गुंडाळाव्यात. आधी उभा असलेल्या माणसापासून किमान पाच-सहा पावले सोडून उभे राहावे, त्याच्या दोरीवरून आपली दोरी टाकू नये आणि त्याला माकूल लागली की आपली एगी उचलून घ्यावी. माकुलीची शाई काँक्रीटवर वाळली की दिवसेंदिवस जात नाही, म्हणून निघताना दोन बादल्या पाणी ओतावे. जपानमध्ये गरवणाऱ्यांच्या कचऱ्याला आणि बेशिस्तीला कंटाळून काही बंदरे त्यांना बंद करण्यात आली, ती पाळी आपल्यावर येऊ नये. तुटलेल्या दोरीचे तर विशेष सांगायला हवे. आजकालची विणलेली दोरी पॉलिथिनची असते, ती कुजत नाही, आणि केसाएवढी बारीक असल्याने दिसतही नाही. पायात असा गुंता अडकून एक पंजा गमावलेला कुरव मी आमच्या पुळणीवर दोन हिवाळे पाहिला. पुढचा लीडर, म्हणजे एगीला जोडलेला दोरीचा तुकडा, मुख्य दोरीपेक्षा थोडा कमी ताकदीचा ठेवला तर एगी खडपात अडकल्यावर फक्त हातभर तुकडा मागे राहतो आणि बाकीची दोरी आपल्या हाती परत येते.

किती माकुली न्याव्यात, याला माझे उत्तर सरळ आहे: घरातल्या माणसांना एका जेवणाला पुरतील तेवढ्या. आमच्या घरी चौघांना दोन मध्यम माकुली पुरतात. जास्त गरवून हॉटेलला विकणाऱ्याने स्वतःला हौशी म्हणवून घेऊ नये, कारण त्याचा माल बाजारात रापणीच्या आणि छोट्या होड्यांच्या मालाशेजारी बसतो आणि भाव पाडतो. लहान माकुलींच्या बाबतीत केरळने २०१५ सालीच भारतीय माकुलीसाठी अंगाची लांबी किमान आठ सेंटिमीटर आणि मोठ्या कवटीच्या माकुलीसाठी (कटलफिश) अकरा सेंटिमीटर अशी मर्यादा घातली. आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. हे नियम व्यापारी मासेमारीसाठी केले गेले, पण हौसेने गरवणाऱ्याने त्याहून सैल वागावे याला काही कारण नाही. मी स्वतः वीतभर अंग नसलेली माकूल सोडतो. मालवणच्या १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात तर कोणीही एगी टाकू नये, पर्यटक म्हणून आलेल्यानेही नाही.

शेवटी एक सूचना. जपानमध्ये अनेक ठिकाणी मच्छीमार, पाणबुडे आणि गरवणारे मिळून झाडांच्या फांद्यांचे भारे बांधून ते दगडाच्या वजनाने तळाला सोडतात, जेणेकरून माकुलींना अंडी बांधायला जागा मिळावी. आपल्या शेजारच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अगदी असेच भारे नारळाच्या पोयींचे केले जातात आणि समुद्रात सोडले जातात, पण ते अंडी घालायला जमलेली कवटीची माकूल धरण्यासाठी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या पद्धतीबद्दल चिंता व्यक्त केलेली आहे. भारा तोच आणि पाणीही तेच असताना आपण कोणाचे अनुकरण करायचे हे आपल्याला ठरवता येईल. आपल्याकडे नारळाच्या पोयींना तोटा नाही. मच्छीमार सोसायट्यांनी जागा दाखवावी, मत्स्यव्यवसाय विभागाने परवानगी द्यावी, आणि आम्ही गरवणाऱ्यांनी भारे बांधून, होडीचे भाडे भरून ते डिसेंबर-जानेवारीत होड्यांच्या वाटेपासून दूर, खडपाच्या आडोशाला सोडावेत आणि त्या जागेच्या शंभर पावलांत कोणी एगी टाकू नये, असे मला सुचवावेसे वाटते. सोबत जेटीच्या तोंडाशी एक फलक असावा, त्यावर नर आणि मादी यांच्या पाठीची चित्रे असावीत आणि खाली फक्त तीन ओळी: जोडीतली माकूल गरवू नये, ठिपक्यांची सोडावी, पाण्यावर दिवा मारू नये. चित्रे काढून द्यायला आमच्या शाळेचे चित्रकला शिक्षक तयार आहेत.

आमच्या तालुक्यातले आम्ही अकरा जण हे नियम गेले दोन हिवाळे पाळतो आहोत. या वर्षी मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीला संध्याकाळी साडेचारपासून आम्ही देवगडच्या जेटीवर असू. ज्या नव्या मुलांना जाळी कशी धरावी आणि माकूल कशी सोडावी हे पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे, रॉड नसला तरी चालेल, माझ्याकडे जास्तीचे दोन आहेत. हे पत्र आपण प्रसिद्ध केल्यास इतर तालुक्यांतल्या गरवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग